मुजावर बाईंचा ठिपका

संशय घेणं हा मुजावर बाईंचा स्वभाव होता असं लोक म्हणायचे. मला वाटतं, ती त्यांची काम करायची पद्धत होती. वर्गात पोरं दंगा करत असली की बाई निर्धास्त असायच्या. गप बसली की चष्मा कपाळावर सरकवून एकेकाचा चेहरा निरखायला लागायच्या. हेडमास्तरांनी एखादं परिपत्रक हसत हसत वाचून दाखवलं, तर बाई ते मागून घेऊन शेवटची ओळ आधी वाचायच्या. आणि शाळेत नवीन यंत्र आलं, मग तो टीव्ही असो नाहीतर नुसती विजेची घंटा, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "ह्ये कुणाला काय सांगतंय?"

या प्रश्नाला मी दहा-बारा वर्षं हसलो. मी गणिताचा मास्तर, त्यात कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात. हसणं मला परवडत होतं. पुढं त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच हातानं दिलं गेलं, आणि तेव्हापासून मला त्याचं हसू येत नाही.

आमची शाळा कोल्हापूरजवळ, गडमुडशिंगीच्या रस्त्याला. फौंड्रीत जाणाऱ्यांची, शेतमजुरांची, रिक्षावाल्यांची पोरं. बाई इतिहास-भूगोल शिकवायच्या. ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, पायांत पुरुषी बनावटीची जाड चप्पल आणि बारा महिने काखेत काळी छत्री. आवाज असा की त्या नववीला तह शिकवायला लागल्या की रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यालाही तहाच्या अटी पाठ व्हायच्या. वर्गात पुस्तकी मराठी, स्टाफरूममध्ये आली की अस्सल कोल्हापुरी. इथल्या कितीतरी बायकांसारख्या त्याही स्वतःला 'जातो', 'बघतो' म्हणायच्या. चहा बशीत ओतायच्या, अर्धा प्यायच्या आणि उरलेला कप शेजारच्यापुढं सरकवायच्या. नको म्हणायची सोय नव्हती.

बाईंची हजेरी बघण्यासारखी असायची. आम्ही बाकीचे नंबर पुकारून दोन मिनिटांत मोकळे व्हायचो. बाई नाव पुकारायच्या, मान वर करायच्या, चेहरा दिसला की मगच हजेरीच्या कॅटलॉगात रेघ ओढायच्या. हजर असेल तर तिरकी रेघ, नसेल तर फुली. याशिवाय त्यांच्या कॅटलॉगात एक तिसरी खूण होती. पेन्सिलीचा बारीक ठिपका.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"पेन्सिल टेकली असंल, सायेब."

"एकाच पोराच्या नावासमोर चार वेळा?"

"हात कापतोय आता. वय झालं की," बाई म्हणाल्या. तेव्हा त्या चाळिशीत होत्या.

साहेब गेल्यावर मी विचारलं. बाईंनी दाराकडं बघून घेतलं, मग सांगितलं. "ठिपका म्हंजे पोरगं वर्गात न्हाय, पर माझ्याकडं हाय. कुठं हाय, का हाय, ते मला ठावं हाय." त्यात कोण कोण असायचं? आई बाळंत झाली म्हणून धाकट्यांना सांभाळत घरी बसलेली पोरगी. बाप दारू पिऊन शाळेच्या फाटकावर आला की पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसणारा पोरगा. फुली मारली तर कारण विचारलं जाणार, आणि कारण चारचौघांत सांगण्यासारखं नसायचं. रेघ ओढली तर खोटं. म्हणून ठिपका.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला संस्थेच्या एका विश्वस्तांनी शाळेला दोन कॉम्प्युटर दिले. नारळ फुटला, पडद्याला हळदीकुंकू लागलं. खोलीला निळे पडदे, यंत्रांना प्लास्टिकचे झगे, आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम. धूळ गेली तर यंत्र बिघडतं असं मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ते धर्मासारखं पाळत होतो. पन्नास पोरं अनवाणी, हात मागं बांधून उभी. मी बटण दाबायचो, पडद्याचा रंग बदलायचा, पोरं 'आ' करायची.

बाई उंबऱ्यापाशी आल्या. चप्पल न काढता बाहेरूनच बघत राहिल्या. "सर, पोरास्नी हात लावू देताय न्हवं?"

"अजून नाही, बाई. खराब होईल."

"मग देव्हारा म्हणा की. शाळा कशाला म्हणायलाय?"

मला राग आला. ही बाई जुन्या काळातली, हिला काय कळतंय, असं मी त्या दिवशी बायकोलाही सांगितलं. पण पुढच्या आठवड्यापासून मी पोरांना कळफलकाला हात लावू दिला. यंत्र काही बिघडलं नाही.

बाईंचा संशय नेहमी बरोबरच निघायचा असं समजू नका. सातवीत एक नवीन पोरगा आला होता. पहिल्याच दिवशी बाईंना त्याच्या कानात वायर दिसली. वायरचं दुसरं टोक खिशातल्या डबीत. तेव्हा कानाला लावून गाणी ऐकायच्या डब्यांचं पोरांना वेड होतं. बाईंनी काही न विचारता वायर ओढली. पोरगा रडला नाही, नुसता त्यांच्या ओठांकडं बघत राहिला. ते ऐकण्याचं यंत्र होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अख्ख्या वर्गासमोर त्या पोराची माफी मागितली. त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि वर्षभर त्याच्याकडं तोंड करून शिकवलं. स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, "मी मशीन बघिटलं, पोराकडं बघिटलंच न्हाय." त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी त्यांना एवढं खजील झालेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग नेट कॅफे आले. पोरं प्रकल्पाच्या वह्या आणायची त्या छापील कागदांनी फुगलेल्या. एका वर्षी बाईंनी विषय दिला 'पूर'. सुताराच्या एका पोरानं दहा पानं आणली. रंगीत फोटो, इंग्रजी मजकूर, परदेशातली कुठलीशी नदी. आम्ही सगळ्यांनी वही हातोहात बघितली. हेडमास्तर तर ती प्रदर्शनात लावायला निघाले होते.

बाईंनी पोराला बोलावलं. "पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी तुझ्या घरात आलेलं का?"

"आलतं की, बाई."

"किती?"

ते त्यानं मोजलं नव्हतं. बाईंनी त्याच्या हातात सुतळीचा तुकडा दिला आणि घरी पाठवलं. भिंतीवर ओलीचा डाग अजून होता. तिथपर्यंत सुतळी मोजून, गाठ मारून तो घेऊन आला. त्याच्या छातीपर्यंत येत होती. मग बाईंनी विचारलं, तेव्हा आजीला माळ्यावर कसं चढवलं, शेळी कुठं बांधली, हे सगळं तो सांगायला लागला आणि थांबेचना. ती सुतळी बाईंनी वर्गाच्या भिंतीला खिळा मारून टांगली. वही प्रदर्शनात गेली नाही. हेडमास्तर आठवडाभर रुसले होते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते सांगतो.

संस्थेच्या अध्यक्षांनी कुठंतरी ऐकलं की शहरातल्या शाळा पोरगं गैरहजर असलं की पालकांच्या मोबाईलवर निरोप धाडतात. आपल्याकडंही पाहिजे. काम माझ्याकडं आलं. मी तीन आठवडे खपून प्रोग्राम लिहिला. पोराचं नाव, पुढं दोन रकाने, हजर आणि गैरहजर. गैरहजर दाबलं की निरोप सुटायचा. मजकूर मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण आमच्या पालकांच्या फोनवर तेव्हा देवनागरी उमटत नव्हती. पालकसभेत मी हे दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. मी खूष होतो, खोटं कशाला बोलू.

बाई मागच्या खुर्चीवरून उठल्या. "निरोप कुणाला जाणार?"

"पालकांना."

"पालक म्हंजे कोण?"

"ज्यांचा नंबर शाळेत दिलाय ते."

"आणि ज्यांच्याकडं नंबरच न्हाय ते?"

सभा हसली. मीही हसलो. नंतर व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं. "सर, माझ्या ठिपक्याचं काय करणार?"

"बाई, रकाने दोनच आहेत. तुम्हीच ठरवा कशात टाकायचं."

"मला ठरवता आलं असतं तर ठिपका कशाला घातला असता? आसं करा. ठिपका दिसला की थांबा, मला हाक मारा."

मी कबूल केलं, आणि महिनाभर पाळलंही. ठिपका दिसला की बाईंना बोलावणं धाडायचो. बाई यायच्या, मान हलवायच्या, आणि मी हजर दाबायचो. मनातल्या मनात मला ते खटकायचं. मी बनवलेली स्वच्छ गोष्ट बाईंच्या पेन्सिलीमुळं मळतेय असं वाटायचं.

नववीत मनीषा लोहार नावाची मुलगी होती. तिची आई नवऱ्याशी भांडण होऊन भावाकडं नृसिंहवाडीला राहायला गेली होती. तिथं देवळाच्या वाटेवर भावाचं नारळ-फुलांचं दुकान होतं. बाप फौंड्रीत कामाला. माणूस कष्टाळू, पण त्यानं पोरीला शपथ घातली होती की आईचं तोंड बघायचं नाही. गुरुवारच्या गर्दीसाठी आई बुधवारी दुपारी माल भरायला कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात यायची. मनीषा दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर शाळेतून जायची, तासभर आईजवळ बसायची आणि शाळा सुटायच्या आत परत यायची. बाई तिला सोडायच्या. कॅटलॉगात दर बुधवारी मनीषाच्या नावापुढं ठिपका असायचा. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त ठिपका दिसत होता.

त्या बुधवारी बाईंनी दुपारची हजेरी घेतली आणि हेडमास्तरांनी त्यांना कसलीशी फाईल घेऊन शिक्षण खात्याच्या कचेरीत पिटाळलं. थोड्या वेळानं अध्यक्ष चार पाहुण्यांना घेऊन माझ्या खोलीत आले. शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेची माणसं, माझा प्रोग्राम बघायला आलेली. चपला बाहेर काढून ते माझ्या मागं उभे राहिले. मी नववीचा कॅटलॉग उघडून भराभर भरायला लागलो आणि मनीषाच्या नावापाशी थांबलो.

"का थांबलात?" एका पाहुण्यानं विचारलं.

हजर दाबलं असतं तर काही बिघडलं नसतं. नाव तसंच सोडलं असतं तरी चाललं असतं. पण कॅटलॉगात रेघ नव्हती, मागं चार माणसं उभी होती, आणि एका पेन्सिलीच्या ठिपक्यापाशी माझा प्रोग्राम अडतो हे मला दाखवायचं नव्हतं. मी गैरहजर दाबलं. निरोप गेला. पाहुणे वा वा म्हणाले.

बापानं फौंड्रीतल्या कुणाकडून तरी तो निरोप वाचून घेतला, काम टाकलं आणि पोरीला शोधत निघाला. कुणीतरी लक्ष्मीपुरीत बघितल्याचं सांगितलं. तिथं नारळाच्या एका दुकानाच्या फळीवर मायलेकी बसल्या होत्या. आई पोरीची वेणी घालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोबाईल हातात धरून शाळेत आला. ओरडला नाही. स्टाफरूमच्या दारात उभा राहून त्यानं फोन बाईंच्या पुढं धरला. "बाई, ह्यात आलंय ते खरं का खोटं?"

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "खरं हाय."

"म्हंजे तुमाला ठावं हुतं?"

"व्हय. दर बुधवारी मीच सोडत हुतो. आईला भेटत हुती पोरगी. तासभर."

"मग मला का न्हाय सांगिटलं? मी काय तिचा कोण न्हाय?"

बाईंनी चष्मा उतरवला. तो म्हणाला, "वर्ष झालं पोरगी माझ्यापासनं लपवत हुती, आणि शाळेतनं मला पयल्यांदा खरं कळलं त्ये ह्या मशीनकडनं." मग हेडमास्तरांकडं जाऊन त्यानं पोरीचा दाखला मागितला. आम्ही सगळ्यांनी समजावलं, बाईंनी तर हात जोडले. तो ऐकला नाही. मनीषा फाटकाबाहेर दप्तर पोटाशी धरून उभी होती. त्याच आठवड्यात त्यानं तिला बिद्रीला बहिणीकडं नेऊन ठेवलं.

मी बाईंच्या समोर जाऊन बसलो. चूक माझी आहे, असं म्हणालो. बाईंनी बशीत चहा ओतला, अर्धा प्यायल्या आणि कप माझ्यापुढं सरकवला.

"तुमी मला हाक मारायची हुती," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याला सांगायचं हुतं. बापाला. मी त्याच्यावर भरवसाच ठेवला न्हाय."

त्यानंतर बाई दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की एसटीनं बिद्रीला जायच्या. आत्याबाई दारातूनच सांगायची, पोरगी रानात गेलीया. तीन-चार वेळा असं झालं. नंतरच्या खेपेला कळलं की तिला तिथून हलवलंय. कुठं, ते आत्याबाई सांगेना. बापानंही फौंड्री बदलली होती. कारकुनानं लाल शाईनं 'नाव कमी' असं लिहून टाकलं. निरोपाचा प्रोग्राम मी बंद करा म्हणालो, पण तो बंद झाला नाही. पालकांना आवडला होता.

बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला आम्ही त्यांना मोबाईल दिला. आमची अक्कल तेवढीच. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, "ह्ये कुणाला काय सांगतंय?" म्हणाल्या आणि शाळेच्या शिपायाच्या मुलीला, ती नर्सिंगला बाहेरगावी निघाली होती, देऊन टाकला.

त्याच सुमारास मैत्री जुळवायच्या वेबसाइटी निघाल्या होत्या. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यातल्या एकीवर 'मुजावर बाईंचा वर्ग' नावाचं पान काढलं. दोनशेच्या वर पोरं गोळा झाली. कुणी पुण्याला, कुणी दुबईला. मी हौसेनं बाईंना शाळेत बोलावून ते दाखवलं. बाई या खेपेला चप्पल काढून आत आल्या, माझ्या शेजारी बसल्या. सुताराच्या पोरानं सुतळीची आठवण लिहिली होती. कानात यंत्र घालणारा पोरगा आता स्वतः शिक्षक झाला होता. बाईंनी पदरानं डोळे पुसले. मला बरं वाटलं. निदान हे तरी यंत्रानं बरं केलं, असं मी म्हणालोसुद्धा.

मग बाईंनी पिशवीतून एक जाड वही काढली. प्रत्येक वर्षीच्या वर्गाची नावं त्यात उतरून घेतलेली. पेन्सिल घेऊन त्या पडद्यावरचं नाव वाचायच्या आणि वहीत रेघ ओढायच्या. दोन तास हे चाललं होतं. शेवटी त्यांनी मान वर केली.

"सर, ह्यात गैरहजर कसं बघायचं?"

"तशी सोय नाही यात, बाई. जे आले तेच दिसतात."

"मग ज्ये आल्यात त्येंची काळजी मी कशाला करू? त्ये पोचल्यात की." त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. रेघ नसलेली नावं पानापानांवर होती. आणखी एका पानावर मनीषा लोहार. त्या नावापुढं काहीच नव्हतं, ठिपकासुद्धा नव्हता. बाईंनी वही मिटली. "बघतो मी," म्हणाल्या आणि छत्री घेऊन निघून गेल्या.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या.

सहा-सात महिन्यांनी मी गुळाची ढेप आणायला लक्ष्मीपुरीत गेलो होतो. वार बुधवार होता, ते मला नंतर लक्षात आलं. नारळाच्या दुकानाच्या फळीवर बाई बसल्या होत्या. शेजारी नारळाचं पोतं शिवणारी एक बाई, आणि मध्ये अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होती. मी मनीषाला लगेच ओळखलं; पोतं शिवणारी तिची आई. अठरा पूर्ण होताच ती आपणहून आईकडं आली होती. बाई नृसिंहवाडीला जाऊन दुकानादुकानांत विचारत तिच्यापर्यंत पोचल्या होत्या. समोरचा कागद बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म होता.

मला इतका आनंद झाला की मी काही न बोलता खिशातून कॅमेऱ्याचा फोन काढला. हा फोटो त्या पानावर टाकायचा, दोनशे पोरांना दाखवायचा. बाईंनी छत्रीची मूठ मध्ये धरली.

"नगं, सर."

"अहो, सगळ्यांना आनंद होईल बाई."

"हुईल की. हिच्या बापाला मी सोता जाऊन सांगून आलोय, तेवढं माझं काम हुतं. आता आणि कुणाला सांगायचं, त्ये ही ठरवंल."

मी फोन आत ठेवला. मनीषाकडं बघायचं धाडस होत नव्हतं, तरी बघितलं. "मनीषा, त्या दिवशी ते बटण मी दाबलं होतं."

"म्हाईत हाय की, सर," ती फॉर्मवरची नजर न काढता म्हणाली. "शाळेच्या दाखल्याची दुसरी प्रत लागतीया. तेवढी आणून द्या. शनिवारच्या आत."

बाई पिशवीत पेन्सिल शोधत होत्या. वही काढली, ते पान उघडलं आणि मनीषाच्या नावापुढं पेन्सिल टेकवली. मग फॉर्म तिच्या गुडघ्यावरून उचलून माझ्या हातात दिला.

"आता तुमच्याकडं हाय," म्हणाल्या.

छत्री काखेत मारून त्या उठल्या आणि बाजाराच्या गर्दीतून स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या. मी फॉर्म धरून बघत होतो. वळून बघतील, काहीतरी बजावतील, शनिवारची आठवण करून देतील, अशी मी वाट बघत राहिलो. मुजावर बाईंनी मागं वळून बघितलं नाही.